ज्युरासिक पार्क : पुस्तकातली मोजणी पडद्यावर का आली नाही?

गणकबुवा
‘ज्युरासिक पार्क’ हा चित्रपट मी १९९४ साली, हिंदीत डब होऊन आला तेव्हा, इथे बडोद्यातच पाहिला. मायकेल क्रायटन यांची १९९० ची मूळ कादंबरी मात्र यंदाच्या पावसाळ्यात मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून आणून पहिल्यांदा वाचली. क्रम उलटा झाला खरा, पण त्याचा एक लाभ असा की, चित्रपट मनात पक्का बसलेला असल्यामुळे पुस्तकातले काय गळले ते पानोपानी जाणवत गेले. या विषयावरच्या चर्चांत बहुधा हेच वाचायला मिळते की पुस्तकात उद्यानाचा मालक हॅमंड मरतो आणि चित्रपटात वाचतो, पुस्तकात रक्तपात अधिक आहे, पुस्तकातला भाऊ थोरला आहे तर चित्रपटात बहीण थोरली आहे. हे सगळे बरोबर आहे. माझी तक्रार वेगळी आहे. पुस्तकातली सर्वांत भयानक गोष्ट म्हणजे एक मोजणी आहे, आणि चित्रपटाने तीच गाळली.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी प्रसंग थोडा सविस्तर सांगतो. जुन्या डीएनएपासून पुन्हा घडवलेल्या डायनासोरांचे उद्यान एका बेटावर उभारलेले असून तिथे पंधरा जातींचे मिळून २३८ प्राणी सोडलेले आहेत. सगळ्या माद्याच असल्यामुळे पैदास होणे शक्य नाही, असा तिथल्या शास्त्रज्ञांचा दावा आहे. बेटभर कॅमेरे आणि हालचाल टिपणारी यंत्रे बसवलेली असून संगणक सतत गणती करत असतो आणि दर वेळी २३८ हाच आकडा देतो. पाहणीला आलेला गणिती माल्कम कंट्रोल रूममधल्या अर्नोल्डला एवढेच विचारतो की, संगणकाला २३८ ऐवजी २३९ प्राणी शोधायला सांगता येतील का? अर्नोल्ड तसे सांगतो आणि संगणक २३९ शोधून दाखवतो. मग माल्कम ३०० शोधायला सांगतो. आकडा वाढत जातो आणि २९२ वर थांबतो.

संगणक खोटे बोलत नव्हता. एखादा प्राणी मेला किंवा पळाला तर कळावे, म्हणजे संख्या घटली तर कळावे, एवढ्याच हेतूने त्याला अपेक्षित आकडा दिलेला होता. २३८ भरले की तो थांबत असे. संख्या वाढू शकेल ही शंकाच कोणाला आली नसल्याने तो प्रश्न कोणी विचारलेला नव्हता.

हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो, कारण हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका औषधांच्या गोदामात साठा तपासायला जात असे. तिथला माणूस यादी हातात घेऊन खोकी मोजायचा. यादीत २४० लिहिलेले असले की दोनशे चाळिसाव्या खोक्यावर खडूने बरोबरची खूण करून पुढच्या रांगेकडे वळायचा. महिनोन्महिने हिशेब चोख होता. एकदा पावसाचे पाणी आत आले म्हणून सगळा माल हलवावा लागला, तेव्हा खांबामागे अकरा खोकी जास्तीची निघाली, तीही मुदत उलटून गेलेल्या औषधांची. ती परत आलेली होती आणि नोंदवहीत कुठेच नव्हती. त्या माणसाने लबाडी केली नव्हती. त्याला कमी पडलेले शोधायला सांगितले होते, जास्तीचे नव्हे.

मोजणीच्या आधी कादंबरीत एक आलेख येतो, तोही असाच आहे. लहान चणीच्या ‘कॉम्पी’ डायनासोरांच्या उंचीचा तो आलेख मधे फुगीर आणि दोन्ही बाजूंना उतरता, म्हणजे घंटेसारखा आहे. तो दाखवताना यजमानांच्या चेहऱ्यावर समाधान असते. पण हे प्राणी सहा सहा महिन्यांच्या अंतराने तीन तुकड्यांत सोडलेले आहेत. तेव्हा आलेखाला तीन वेगवेगळे उंचवटे हवेत. एकच सलग घंटा आली, याचा अर्थ तिथे सर्व वयांचे प्राणी आहेत आणि जन्म चालू आहेत. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजेल एवढी ही साधी गोष्ट आहे, आणि ती कोट्यवधी डॉलर खर्चून उभारलेल्या खोलीत कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवटाकडे पाहा. पुस्तकात सुटकेची वेळ आली असताना जीवाश्मतज्ज्ञ ग्रँट हट्टाने रॅप्टरांच्या, म्हणजे चपळ शिकारी डायनासोरांच्या, भुयारात उतरतो तो अंडी मोजण्यासाठी, म्हणजे किती पिल्ले बाहेर पडली ते निश्चित कळावे म्हणून. चित्रपटात त्या जागी टायरॅनोसोर येऊन रॅप्टरांचा समाचार घेतो आणि वरून कापडी फलक फडफडत खाली येतो. दृश्य देखणे आहे, यात वाद नाही. पण मोजणी गेली ती गेलीच.

मंडळींचे मत वाचायला आवडेल.

चित्रदर्शी
गणकबुवा, आपले लेखन नेहमीप्रमाणे नेटके आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. आपण ज्याला गाळणे म्हणता ते मला भाषांतर वाटते, म्हणजे आकड्यांच्या भाषेतून चित्रांच्या भाषेत केलेले. संगणकाच्या पडद्यावर २३८ चे २९२ होताना वाचकाच्या अंगावर काटा येतो, कारण वाचक स्वतःच्या गतीने थांबू शकतो, मागचे पान उलटून तक्ता पुन्हा पाहू शकतो. चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला ती सवड नसते.

दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी हीच गोष्ट कशी सांगितली ते आठवा. बेटावर उतरताना हेलिकॉप्टर हेलकावे खाऊ लागते आणि सगळे पट्टे बांधतात. ग्रँटच्या हाताला पट्ट्याची दोन टोके येतात ती दोन्ही खाचेचीच, त्यांत अडकवायची पट्टी एकातही नाही. तो क्षणभर गोंधळतो आणि मग दोन्हींची सरळ गाठ मारतो. माद्याच माद्या असल्या तरी वाट निघते, हे पुढचे सगळे कथानक त्या काही सेकंदांत एक शब्दही न बोलता सांगून झालेले आहे. पहिल्यांदा पाहताना कोणाच्या ते लक्षात येत नाही, दुसऱ्यांदा पाहताना हसू येते.

टायरॅनोसोरच्या आगमनाचेही तसेच आहे. पेल्यातल्या पाण्यावर वलये उमटतात, एवढेच. ती वलये उमटवण्यासाठी गाडीच्या खालून गिटारची तार ताणून ती छेडली होती, हे पुढे वाचल्यावर मला चित्रपट अधिकच आवडू लागला. सव्वादोन तासांहून किंचित लहान, १२७ मिनिटांच्या या चित्रपटात डायनासोर प्रत्यक्ष दिसतात ते पंधरा मिनिटांच्या आसपास, आणि तरीही तो संपूर्ण चित्रपट डायनासोरांचाच वाटतो. हेही एक गणितच आहे, गणकबुवा, फक्त ते वजाबाकीचे आहे.

रावपुरेकर
दोघांचेही म्हणणे वाचले. मला हॅमंडविषयी थोडे लिहायचे आहे, कारण गणकबुवांनी तो मुद्दा एका ओळीत बाजूला सारला आणि तो तसा सारण्यासारखा नाही.

पुस्तकातला हॅमंड आपमतलबी आणि चिडका म्हातारा आहे. नातवंडे संकटात असताना तो शांतपणे आइस्क्रीम खात बसतो. त्याचा शेवटही क्रायटन यांनी निर्दयपणे लिहिला आहे. कंट्रोल रूममध्ये पोचलेली मुले ध्वनिक्षेपकावर टायरॅनोसोरची डरकाळी वाजवतात, आजोबा घाबरून उतारावरून गडगडतात, पाय मुरगळतो आणि कॉम्पींचे टोळके त्यांना संपवते. रिचर्ड ॲटनबरो यांनी उभा केलेला हॅमंड मात्र पांढऱ्या दाढीचा, डोळे मिचकावणारा, कोणाच्याही घरात शोभेल असा आजोबा आहे. आइस्क्रीम त्याच्याही समोर आहे, पण ते वितळू लागले आहे म्हणून तो खातो आहे, आणि लंडनमध्ये स्वतःच चालवलेल्या पिसवांच्या सर्कशीची गोष्ट सांगतो आहे.

बहुतेकांना हे गोडवलेले रूप वाटते. मला ते अधिक घातक वाटते. पुस्तकातल्या हॅमंडला पाहताच आपण त्याच्यापासून दूर सरकतो. चित्रपटातल्या हॅमंडला आपण स्वतः होऊन पैसे दिले असते. ‘खर्चात कुठे हात आखडला नाही’ असे तो येता-जाता सांगतो, आणि संपूर्ण उद्यानाची संगणकव्यवस्था मात्र एकाच असंतुष्ट माणसाच्या भरवशावर सोडलेली असते. लग्नाच्या मांडवात सोन्याचा वर्ख लावायचा आणि वायरमन मात्र ओळखीतला, फुकटातला आणायचा, ही तऱ्हा आपल्याला परकी नाही.

भूस्तर
चर्चा छान रंगली आहे. मी भूशास्त्राची विद्यार्थिनी होते, त्यामुळे माझे लक्ष साहजिकच अंबरकडे जाते. (मराठीत याला राळेचा जीवाश्म म्हणावे लागेल, पण सोयीसाठी अंबरच म्हणते.) या बाबतीत पुस्तक आणि चित्रपट यांत फारसा फरक नाही, अंबरमध्ये अडकलेल्या डासाने प्यायलेल्या रक्तातून डायनासोरचा डीएनए मिळवायचा, ही मूळ कल्पनाच दोघांना समान आहे. मात्र चित्रपटाने अंबरची खाण डोमिनिकन प्रजासत्ताकात दाखवली, ही एक गंमत आहे. तिथले अंबर साधारण दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीचे मानतात. डायनासोर नाहीसे झाले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. त्या अंबरमधल्या डासाने कोणाचे रक्त प्यायले असेल ते असो, डायनासोरचे नक्कीच नाही.

आपल्या गुजरातेतही हाच योग जमलेला आहे, किंवा जमता जमता राहिलेला आहे असे म्हणा. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत कीटक अडकलेले अंबर सापडले आहे, पण ते सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे आहे. आणि बडोद्याहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर, बालासिनोरजवळ रैयोलीला, डायनासोरची अंडी आणि हाडे आहेत. तिथल्या हाडांवरून ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ या मांसाहारी डायनासोरचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे एकाच राज्यात अंडीही आहेत आणि अंबरही आहे, फक्त दोहोंच्या मधे दीड कोटी वर्षे गेलेली आहेत. हॅमंडसाहेब इथे आले असते तरी त्यांचे काम झाले नसते.

तसेही डीएनए इतका टिकत नाही. न्यूझीलंडमधल्या नामशेष झालेल्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून २०१२ साली जो हिशेब मांडला गेला त्यानुसार, त्या परिस्थितीत दर ५२१ वर्षांनी डीएनएचे निम्मे बंध तुटतात. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गाळातला, सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा आहे. क्रायटन यांनी पुस्तक लिहिले तेव्हा हे आकडे उपलब्ध नव्हते, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. उलट डीएनएचे तुकडे अपुरे असणार हे त्यांनी गृहीत धरले आणि त्या भोकांना बेडकाच्या डीएनएची ठिगळे लावली. काही बेडूक परिस्थितीनुसार लिंग बदलू शकतात, यावरच गणकबुवांची लाडकी मोजणी उभी आहे.

रैयोलीला मी प्रथम गेले ते कॉलेजच्या सहलीबरोबर. तिथे खडकात अर्धे रुतलेले अंडे मी हाताने चाचपून पाहिले. बाहेरून ते नारळाएवढे, गुळगुळीत होऊन गेलेले दगडी गोळे वाटतात. भिंग लावून तुटलेली कड पाहिली तरच कवचाची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी वेगळी दिसते. आमच्यापैकी निम्म्याजणींनी तोवर त्याच्यावर बसून डबे खाल्ले होते. चित्रपटात ग्रँटला झाडाच्या मुळाशी टरफले दिसतात आणि तो ती लगेच ओळखतो, तेव्हा मला दर वेळी तो डबा आठवतो.

गणकबुवा
सर्वांचे आभार. चित्रदर्शी यांचा पट्ट्याचा मुद्दा मी मान्य करतो. ते माझ्या लक्षात आले नव्हते, आणि काल रात्री तो भाग पुन्हा लावून पाहिल्यावर मलाही हसू आले.

तरीही एक फरक उरतोच. पट्ट्याची गाठ ही दिग्दर्शकाने प्रेक्षकाला केलेली खूण आहे. कथेतल्या कोणालाही तिच्यातून काही कळत नाही. पुस्तकातल्या मोजणीत मात्र फसतात ती कथेतली माणसेच, आणि तीही स्वतः उभारलेल्या, स्वतःच्या कौतुकाच्या यंत्राकडून. या फरकामुळे दोन्ही कथांतला दोषी बदलतो. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या कोणालाही विचारा की हे सगळे कशामुळे झाले, तर तो संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्या नेड्रीचे नाव घेईल. त्याने चोरीसाठी कुंपणांची वीज बंद केली नसती तर पर्यटक आनंदाने घरी गेले असते, असे वाटत राहते. पुस्तकातही नेड्री चोरी करतो, पण तोवर प्राण्यांची पैदास कधीच सुरू झालेली आहे, छोटे डायनासोर मुख्य भूमीवर पोचून माणसांना चावू लागले आहेत, आणि बेटावरून निघालेल्या बोटीत रॅप्टरची पिल्ले आहेत. चोराला आदल्या दिवशी पकडले असते तरी काही टळले नसते.

विजेचा प्रसंगही तसाच आहे. चित्रपटात सगळी यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करतात आणि मग कोणीतरी अंधाऱ्या खोलीत जाऊन खटके वर करायचे असतात. पुस्तकात यंत्रणा पुन्हा चालू होते, पडदे उजळतात, सगळे आनंदतात, कामाला लागतात. कित्येक तासांनी ‘सहायक वीज संपत आली’ अशी सूचना येते तेव्हा अर्नोल्डला कळते की मुख्य वीज चालू झालेलीच नव्हती. इतका वेळ सगळे सहायक जनित्रावर चालले होते, आणि त्या जनित्रावर कुंपणांना वीज मिळत नाही. म्हणजे पडद्यावर सगळे आलबेल दिसत असताना पहाटेपासून रॅप्टरांचे कुंपण निर्जीव होते. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे आणि जो दिवा-पंखा चालू पाहून वीज आली असे समजून निर्धास्त झोपलेला आहे, आणि सकाळी फ्रिजमधले दूध नासलेले पाहून उठलेला आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

रावपुरेकर, हॅमंडबद्दलचे आपले म्हणणे मला पटले. त्यावर अधिक विचार करावा लागेल.

चित्रदर्शी
इन्व्हर्टरचे उदाहरण अगदी घरातले दिलेत.

एक गोष्ट मात्र नोंदवतो, म्हणजे हा वाद लेखक विरुद्ध दिग्दर्शक असा राहणार नाही. पटकथेचे पहिले खर्डे स्वतः क्रायटन यांनीच लिहिले होते, आणि पुढे डेव्हिड केप यांनी ती पटकथा पूर्णत्वाला नेली. क्रायटन स्वतः चित्रपट दिग्दर्शक होते. करमणुकीच्या उद्यानातले यंत्रमानव बिथरतात या कल्पनेवरचा ‘वेस्टवर्ल्ड’ त्यांनी १९७३ सालीच लिहून दिग्दर्शित केला होता. कागदावर काय टिकते आणि पडद्यावर काय टिकते, याचा अंदाज त्यांच्याइतका क्वचितच कोणाला असेल.

दुसरे असे की, गळलेले सगळेच वाया गेले असे नाही. पुस्तकात डायनासोर घडवणारा शास्त्रज्ञ डॉक्टर वू हॅमंडला सुचवतो की, पुढच्या आवृत्तीत डायनासोर थोडे मंद, थोडे माणसाळलेले करू, कारण आत्ताचेही काही खरे नाहीत, ते आपणच घडवलेले आहेत. हॅमंड ते धुडकावतो, त्याला ‘अस्सल’ हवे असतात. १९९३ च्या चित्रपटात वू एका प्रसंगापुरता येतो आणि हा संवाद मुळीच नाही. पण २०१५ च्या ‘जुरासिक वर्ल्ड’मध्ये तोच वू, तोच अभिनेता, जवळपास हाच मुद्दा मांडतो की इथले काहीच कधी नैसर्गिक नव्हते. पंचवीस वर्षांनी तो धागा उचलला गेला. तुमची मोजणीही कधीतरी कोणी उचलेल.

मधुमालती
मी नेहमी वाचनमात्र असते, पण आज लिहिल्यावाचून राहवले नाही. गणकबुवांची पहिली नोंद मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या कन्येने, ती सहावीत आहे, लगेच आक्षेप घेतला की पुस्तकातली बेरीज तरी बरोबर आहे का ते कोणी तपासले आहे काय? यजमानांकडे जुनी प्रत होती, ती शोधून काढली आणि तिने वहीत मोजणीच्या तक्त्यातले दोन्ही रकाने उतरवून घेतले.

अपेक्षित रकाना : २, २१, ४, ८, ४९, १६, ८, १७, ११, ७, ६, ३३, १६, १८, २२. बेरीज २३८ येते. सापडलेल्यांचा रकाना २९२ येतो. क्रायटन यांनी बेरीज चुकवलेली नाही. फरक ५४ चा आहे आणि तो पंधरांपैकी फक्त पाच जातींतून येतो : रॅप्टर २९ ने वाढले, कॉम्पी १६ ने, ओथ्निएलिया ७ ने, आणि मायासोर व हिप्सिलोफोडॉन प्रत्येकी १ ने. बाकीच्या दहा जाती जिथल्या तिथे आहेत. पुढे पुस्तकात बेडकाचा डीएनए कोणाकोणात वापरला त्याची यादी येते, तीही तिने ताडून पाहिली, आणि नेमक्या याच पाच जाती निघाल्या. भूस्तरताईंचे ठिगळाचे म्हणणे असे आकड्यांतही उतरलेले आहे.

त्यानंतर तिने चित्रपटही पाहिला. तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहिते, कारण मला उत्तर देता आले नाही. तक्त्यात टायरॅनोसोर २ होते आणि शेवटीही २ च राहिले, म्हणजे या सगळ्या गडबडीत ज्याच्या बाबतीत हिशेब चुकलाच नाही असा तो प्राणी आहे; मग पोस्टरवर त्याचाच सांगाडा का?